कालचा हिरवा दिवा

बोट दाराकडे होतं, तोंडानं "दार बंद, योशी" असं खणखणीत म्हटलं गेलं, पण डोळे भलतीकडेच होते. फलाटावरचा तो नवा कर्मचारी बाकाखाली पडलेल्या कुणाच्या तरी लाल हातमोज्याकडे बघत होता. गाडी हलली, तो खिडकीतून मागे सरकला, पांढऱ्या मोज्यातलं त्याचं बोट अजून ताठच होतं, आणि आत दांडी धरून उभ्या असलेल्या सानाए त्सुरुताला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी निघावी, तसं. घडलं काहीच नव्हतं. दार खरोखरच बंद होतं, दारावरचा दिवा विझला होता, आणि एखादा माणूस सकाळच्या पारी हातमोज्याकडे बघतो यात त्याचा काय गुन्हा? बोट दाखवायचं, मोठ्यानं म्हणायचं, ठीक असेल तर योशी म्हणायचं. जपानच्या रेल्वेतली माणसं जन्मभर हेच करतात, आणि हाताला नि तोंडाला एकदा सवय लागली की डोळ्यांना कोण विचारतो. हे सगळं तिनं स्वतःला समजावलं, पण ते काही पटेना. आधी त्या जागेवर उभे राहणारे इनागाकी असते तर, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला ते वाक्य अर्ध्यातच सोडून द्यावंसं वाटलं. कारण इनागाकी त्या जागेवर नव्हते ते तिच्यामुळे.

तिच्यामुळे म्हणजे तिनं काही केलं नव्हतं. फलाटावरची ती सरकती दारं तिची कंपनी बनवायची, आणि शरद ऋतूत उतरताना एका म्हाताऱ्या गृहस्थाची पिशवी गाडीत राहिली आणि मनगटाला गुंडाळलेला तिचा पट्टा दारात अडकला होता. अडकलं तर दारानं आपण होऊन उघडायला हवं. ते उघडलं नाही. दिवा मात्र विझला, म्हणजे सगळं मोकळं आहे असं यंत्रच सांगून बसलं. इनागाकींनी बोट दाखवलं, योशी म्हटलं, गाडी सुटली. कुणीतरी धोक्याचं बटण दाबलं म्हणून गृहस्थ नुसते फरफटून पडले, मनगट मोडण्यावर निभावलं. मग चौकशी. इनागाकी म्हणत होते, मी पाहिलं, दिवा विझलेला होता. रेल्वे म्हणत होती, मग यंत्र तपासा. यंत्र तपासलं सानाएनं. तिची चाचणी दिवसरात्र चालली, दारं कार्यशाळेतल्या सांगाड्यावर, मध्येमध्ये अडथळ्याला अडत, उघडझाप करत राहिली, आणि प्रत्येक फेरीला निकाल आला: योशी. यंत्र निर्दोष, असा अहवाल गेला. त्यानंतर इनागाकी स्वतः आले होते, काळ्या सुटात, छातीशी मिठाईचा डबा धरून. आपल्या यंत्रावर शंका घेतल्याबद्दल क्षमस्व, असा माफीनामा पुढे केला आणि कमरेत वाकले. इतके वाकले की टाळूवरचे विरळ झालेले केस दिसले. डब्यात चेस्टनटच्या पिठुळ मिठाया होत्या. एकीचा अर्धा भाग सानाएनं चहाबरोबर खाल्ला होता. बरी होती चवीला. आज दुपारी रेल्वेच्या कचेरीत शेवटची बैठक होती. तिथं कागदावर शिक्का बसला की इनागाकी कायमचे फलाटावरून उतरणार, हरवलेल्या छत्र्या सांभाळायच्या खोलीत बसणार, आणि निवृत्त होईपर्यंत लोक त्यांच्या पाठीमागे म्हणणार, हेच ते, न बघता योशी म्हणणारे.

स्टेशनातून ती समुद्राच्या बाजूनं बाहेर पडली. कोबे शहरात माणूस डावं-उजवं म्हणत नाही, डोंगराची बाजू नि समुद्राची बाजू म्हणतो. पाठीवर डोंगरातून उतरलेला गार वारा आणि पुढ्यात गोदीच्या क्रेन. रोज या रस्त्यानं चालताना डोक्यात दुसरं काही असायचं. आज बाबा होते. बाबांनी एका डब्याची डिझेल गाडी चालवली होती, पलीकडच्या किनाऱ्यावर, जिथं हिवाळ्यात बर्फ आडवं पडतं आणि रूळ एकच असतो. घरीसुद्धा ते तसेच. गॅसच्या कॉककडे बोट, योशी. कुलूप, योशी. सानाएचं दप्तर, योशी. आई हसायची, म्हणायची, "मलाही एकदा बोट दाखवून योशी म्हणा, म्हणजे लग्न पक्कं झालं असं वाटेल." आणि मग एका सकाळी बाबा लाल सिग्नल असताना स्टेशनातून गाडी घेऊन निघाले. समोरून येणारी गाडी उशिरा होती म्हणून कुणी मेलं नाही. बाबा म्हणाले, मी बोट दाखवलं, मी म्हटलं, मला हिरवा दिसला. तपासणी झाली, सिग्नल बरोबर निघाला. बाबांना तिकिटखिडकीत बसवलं आणि शेवटपर्यंत ते तिथंच बसले, काचेमागे, लहान भोकातून बोलत. आईनं एकदाच म्हटलं, "चुकलं तर चुकलं म्हणावं, खोटं कशाला बोलावं," आणि बाबांनी एकदाच म्हटलं, "मी खोटं बोललो नाही." त्या दिवसापासून घरात कुणी कशाकडे बोट दाखवलं नाही. झोपायच्या आधी आई मुकाट्यानं गॅस बघून यायची. सानाएनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं की सिग्नलच बिघडलेला असणार, यंत्रं लपवाछपवी करतात, आणि मोठं होऊन आपण त्यांना बोलतं करायचं. तिच्या शिक्षणाचं, नोकरीचं, या शहरात एकटीनं राहण्याचं मूळ त्या एका हट्टात होतं. आणि ज्या दिवशी तिच्यासमोर एक माणूस तेच वाक्य घेऊन उभा राहिला, त्या दिवशी तिच्या हातात यंत्राच्या निर्दोषपणाचा दाखला होता. याची तिला लाज वाटत होती, आणि लाज का वाटावी हे मात्र कळत नव्हतं.

कार्यालयात तिचा सहकारी मोगी आधीच येऊन बसला होता. त्याच्या नि तिच्या टेबलांच्या मध्ये एक मरतुकडं रोप होतं आणि त्याला पाणी कुणी घालायचं यावरून दोघांचं कायमचं भांडण होतं. तिनं कोट न काढताच संगणक सुरू केला. "बाई, अहवाल गेला, बैठक किताओका साहेबांची आहे, आज आपण चहा पीत बसायचं," मोगी म्हणाला. "तू पी," ती म्हणाली. "मला तो पायथन परत बघायचाय."

तो पायथन म्हणजे त्या नावाच्या संगणक-भाषेत तिनं लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम, आणि त्याच्यावर तिचा जीव होता. यंत्राच्या आतलं बघायला डिबगर नावाचं अवजार असतं. चालत्या यंत्राला तो आपण म्हणू त्या ओळीवर थांबवतो. मग आपण विचारायचं, दाराची नोंद दाखव, तो दाखवतो. मग म्हणायचं चल, की यंत्र पुढे चालू. सुरुवातीला सानाए हे हातानं करायची, आणि तिच्याही नकळत पडद्याकडे बोट दाखवून पुटपुटायची. दार बंद, योशी. अडथळा नाही, योशी. मोगी तिला चिडवायचा, "त्सुरुताबाई, गाडी कुठवर आली?" पण हातानं बघण्यात एक अडचण होती. ती थांबवायची तेवढ्यात यंत्राला विसावा मिळायचा, आणि गर्दीत धक्काबुक्की करणारं पोर मास्तर बघताच शहाण्यासारखं उभं राहतं, तसं सगळं जागच्या जागी बसायचं. दोष असलाच तर तो घाईत होता, आणि माणसाच्या बोटांना ती घाई जमत नाही. म्हणून तिनं ते हुकूम पायथनकडे सोपवले. डिबगरच्या पोटातच पायथन चालतो. जो हुकूम माणूस टाइप करतो तोच त्याच्या ओळीतून सोडता येतो, आणि उत्तर पडद्यावर न सांडता मजकूर म्हणून हातात परत मिळतं. मग पायथननंच थांबवायचं, विचारायचं, उत्तर वाचायचं, चल म्हणायचं. पापणी लवायच्या आत. शेवटी तिनं हौसेनं एक ओळ घातली होती: उत्तर बरोबर असेल तर छाप, योशी. ते तिला फार आवडलं होतं. आपल्या हातून सुटलेलं बोट दाखवणं तिनं यंत्राला शिकवलं, असं काहीतरी. कार्यशाळेत दारं उघडझाप करत होती आणि पडद्यावरून योशी योशी वर सरकत होतं, ते बघत ती एकदा चक्क उगाच उभी राहिली होती. घर भरल्यासारखं वाटलं होतं तिला.

आता तिनं तो प्रोग्राम वरून खाली वाचला. मग परत वाचला. वाचताना डोळ्यांपुढे मधूनच तो लाल हातमोजा यायचा. प्रोग्राममध्ये चूक दिसत नव्हती, आणि तिला स्वतःचाच राग यायला लागला, कारण आपण वाचतोय की आपल्याला तो पाठ आहे म्हणून म्हणतोय, हे तिचं तिला सांगता येईना. प्रत्येक ओळीवर यायच्या आधीच ती पुढच्या ओळीला मान डोलवत होती. तिनं खुर्ची मागे ढकलली, कोट काढला, बोट पडद्यावर टेकवलं, अगदी काचेला, आणि ठरवलं की डोळ्यांना दिसल्याशिवाय बोट पुढे सरकवायचं नाही. "काय बाई, पुन्हा सिग्नल द्यायला लागलात?" मोगी म्हणाला. तिनं बोट पहिल्या ओळीवर नेलं. दाराची नोंद दाखव असा हुकूम डिबगरला सोड. उत्तर अमुक नावाच्या जागी ठेव. इथवर ठीक. पुढची ओळ अशी होती की हुकूम फसला, तर तिकडे दुर्लक्ष कर आणि पुढे चल. ही तिनंच घातली होती, आणि का घातली होती तेही तिला आठवत होतं. पहिल्या चाचण्यांत भलत्याच जागी थांबल्यावर डिबगर किरकोळ कुरकुर करायचा, हे नाव ओळखत नाही, ते इथं सापडत नाही, आणि एवढ्यावरून पायथन अख्खी चाचणी टाकून बसायचा. रात्रभराचं काम सकाळी ओंडक्यासारखं पडलेलं मिळायचं. म्हणून कुरकुर ऐकू नकोस, पुढे चल. शहाणपणाचंच होतं ते. बोट पुढे सरकवायला हवं होतं, पण ते सरकेना. हुकूम फसला, तर उत्तर आलंच नाही. उत्तर आलं नाही, तर त्या नावाच्या जागी काय आहे? रिकामं? नाही. तिथं आधीच्या फेरीचं उत्तर आहे. ते कुणी पुसलंच नाही. खालची ओळ ते उचलते, वाचते, त्यात दार बंद, अडथळा नाही असं लिहिलेलं असतं, कारण आधीच्या फेरीत ते खरंच होतं, आणि म्हणते: योशी.

तिनं बोट खाली घेतलं. मोगी काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. तिला कोबे दिसत नव्हतं, कार्यालय दिसत नव्हतं. बर्फात एक रूळ आणि एका डब्याची गाडी दिसत होती. आत तरुण बाबा, बोट ताठ केलेले. बोट सिग्नलकडे. तोंड उघडलेलं. आणि डोळे? डोळे सिग्नलकडेच. पण त्या सकाळी डोळ्यांकडून उत्तरच आलं नाही. काचेवर बर्फ असेल, झोप असेल, आदल्या दिवशीचं आईशी झालेलं काही असेल. उत्तर आलं नाही, आणि जागा रिकामीही नव्हती. तिथं कालचा हिरवा होता, परवाचा हिरवा होता, वर्षानुवर्षांच्या सकाळचे हिरवे एकावर एक बसलेले होते. बाबांनी तो उचलला आणि म्हणाले, योशी. खोटं बोलले नाहीत. सिग्नलही बिघडला नव्हता. इतकी वर्षं घरातल्या तिघांनी बाबा खोटे किंवा सिग्नल बिघडलेला, या दोनच गोष्टींमधून एकेक निवडून ती छातीशी धरली होती, आणि तिसरी शक्यता त्या फलाटावर, त्या बर्फात, कुणी न उचलता पडून राहिली होती. सानाएचे डोळे भरून आले, आणि ते मोगीला दिसले तरी तिला त्याचं काही वाटलं नाही.

पण रडत बसायला वेळ नव्हता. बैठक दुपारी होती. तिनं कुरकुर न ऐकण्याची ओळ काढून टाकली. प्रत्येक फेरीच्या आधी उत्तराची जागा पुसून रिकामी करायची, अशी नवी ओळ घातली. हुकूम फसला तर तिथंच थांब, सगळं जसंच्या तसं धरून ठेव. आणि शेवटची ती हौशी ओळ, योशी छापायची, तीही खोडली. ठीक असलं तर कुणी काही म्हणायचं नाही. "चल," ती मोगीला म्हणाली. "सांगाड्याकडे चल. दारं सुरू करायची."

"आता? बाई, किताओका साहेब निघतील तासाभरात."

"म्हणूनच आता."

कार्यशाळेत गार होतं आणि तेलाचा वास होता. मोगीनं पट्टा आणला, तसाच, पिशवीचा, आणि दार बंद होताना तो मध्ये सारायचं काम बिचाऱ्यानं न सांगता आपल्याकडे घेतलं. दार मिटायचं, पट्ट्याला अडायचं, उघडायचं. परत मिटायचं. पडदा मख्ख. पूर्वी तो किती बडबडत असे. आता त्या गप्प पडद्याकडे बघत उभं राहणं तिला जड जात होतं. कुणीतरी ठीक आहे म्हणावं असं वाटत होतं, आणि तसं वाटण्याचीच तिला भीती वाटत होती. दार मिटत होतं, उघडत होतं. मग एकदा ते मिटलं आणि उघडलं नाही. पट्टा त्यात तसाच लोंबत राहिला. वरचा दिवा विझला, अगदी साळसूदपणे. मोगी पट्टा ओढून बघत होता. पडद्यावर एक ओळ उमटली होती: या पत्त्यावरचं काही वाचता येत नाही. दाराची नोंद ज्या जागी असायला हवी ती जागाच यंत्राच्या हातून सुटली होती. अडथळ्याचा निरोप आणि गाडी सुटण्याचा निरोप एकाच वेळी आले, की एकाला जागा देताना दुसऱ्याची पुसली जात होती. दोष काही लपून बसला नव्हता. पहिल्या चाचणीतही तो असाच, मधूनमधून, भर दिवसा येऊन उभा राहिला असणार, आणि तिचा लाडका पायथन दर खेपेला त्याच्यासमोरून योशी म्हणत निघून गेला होता.

किताओका साहेब टाय बांधत होते. माणूस वाईट नव्हता. कुठल्याही गोष्टीचा आवाज होऊ नये एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा होती. त्यांनी सगळं ऐकलं, एकदा कार्यशाळेत जाऊन दारात लोंबणारा पट्टा बघितला, परत आले आणि खुर्चीत बसले. "बरं झालं सापडलं," ते म्हणाले. "म्हणजे बरं झालं असंच म्हणायचं. नवीन, जास्त कडक चाचणी केली, तिच्यात दोष आढळला, असं सांगतो. दुरुस्ती देतो. त्या इनागाकींचं पण निभावेल."

"आणि जुनी चाचणी?"

"जुनीला कशाला हात लावताय? जुनीत आढळला नाही, नवीत आढळला. खोटं काय त्यात?"

"जुनीत आढळला होता, साहेब. जुनीनं बघितलंच नाही आणि बघितलं म्हणून सांगितलं. तसं लिहावं लागेल. मी लिहिलेल्या ओळीमुळे, असंही."

"त्सुरुताबाई, तुमचं नाव जाईल त्यात. कंपनीचं जाईल. रेल्वेवाले बाकीच्या सगळ्या चाचण्या उकरतील."

"उकरायलाच हव्यात. त्याच पायथननं केल्यात त्या." ती उभीच होती. "साहेब, नुसता दोष सापडला म्हटलं तर लोक म्हणतील, यंत्रही चुकलं, आणि इनागाकीही न बघताच योशी म्हणाले असतील. त्यांनी बघितलं होतं. न बघता योशी म्हणणारी मी. जुन्या अहवालावर त्यांनी माफीनामा लिहून दिलाय. आपण त्यांची मिठाई खाल्ली."

"मी तर डबा संपवला," मोगी दारातून म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक.

किताओकांनी बांधलेला टाय सैल केला. "लिहा," ते शेवटी म्हणाले. "पण बैठकीत तुम्ही बोलायचं. मला त्या पुसण्या-बिसण्याचं सांगता येणार नाही."

"मीच बोलणार होते."

स्टेशनाजवळच्या दुकानातून तिनं मिठाईचा डबा घेतला, चेस्टनटचाच. इनागाकी बैठकीला असणार होते, आणि या खेपेला वाकायचं कुणी याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. किताओका फलाटाच्या टोकाला फोनवर कुणालातरी हळू आवाजात आधीच कल्पना देऊन ठेवत होते. गाडीला अवकाश होता. तिनं डबा मांडीवर ठेवला आणि घरी फोन लावला. या वेळी ती कधी फोन करत नसे, त्यामुळे बाबांनी उचलताच विचारलं, "काय झालं?"

"बाबा, एक सांगायचंय. माझ्या कामातलं आहे. ऐकाल?"

तिनं सांगितलं. जमेल तितकं साधं करून; हुकूम, उत्तर, उत्तर न येणं, जुनं उत्तर जागेवर तसंच राहणं. पायथन काय नि डिबगर काय, बाबांना त्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. मागे घरातला टीव्ही चालू होता, कुणीतरी नाशपातीच्या भावाबद्दल बोलत होतं.

"म्हणजे सिग्नल लालच होता," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि मी खोटं बोललो नाही."

"नाही, बाबा."

परत तो टीव्ही. मग बाबांनी विचारलं, "तुला आता कामावरून उतरवतील?"

"माहीत नाही. पण मला परत चालवून बघता आलं. म्हणून सापडलं."

"ते बरं झालं," बाबा म्हणाले. आवाजात कुरकुर नव्हती, तिकिटखिडकीच्या भोकातून गाडीची वेळ सांगावी इतका साधा होता तो. "मला कुणी परत चालवून बघू दिलं नाही." मग म्हणाले, "थांब, आईला देतो. तिला तू सांग. पहिल्यापासून सांग, घाई करू नकोस."

फोन हातातून हातात जातानाची खरखर झाली, टीव्ही बंद झाला, आणि आईचा आवाज आला, "काय गं, हे असे काय उभे राहिलेत इथं?" गाडी फलाटात शिरत होती. सानाएनं ती सोडायचं ठरवलं आणि किताओकांना पुढे व्हा अशी हातानं खूण केली. पुढची गाडीही बैठकीच्या आधी पोचत होती. तिच्यासमोर दारं मिटली, दिवा विझला, इथल्याही कर्मचाऱ्यानं बोट वर केलं. तो काय म्हणतो याकडे तिनं लक्ष दिलं नाही. पट्टा, कोट, पिशवी, काही अडकलेलं नाही ना, हे तिनं स्वतः शेवटच्या दारापर्यंत बघून घेतलं. मग ती म्हणाली, "आई, बस खाली. बाबांनी त्या दिवशी काय बघितलं, ते सांगते."